टाकीवर फरशी बसवण्याआधी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात जुन्या मोहल्ल्यांत ज्याला जमेल तो घर पाडून स्लॅब टाकतोय. टाइल्स कोणत्या घ्यायच्या यावर घराघरांत वाद होतात, संडासाची टाकी मात्र मिस्त्रीवर सोपवलेली. तो म्हणतो, तळ करू नका, पाणी मुरू द्या, उपसायची कटकटच नको. मालक खूश. मग वरून पार्किंगची फरशी, झाकणही गायब!

आपल्याकडच्या काळ्या खडकात घाण पाणी गाळलं जात नाही, भेगांमधून वाहत जातं. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर दूर असावा, असं मानक आहे. आपल्या गल्ल्यांत एवढी जागा कुठली? आणि वजूसुद्धा आपण त्याच बोअरच्या पाण्याने करतो.

परवानगी नकाशा बघून मिळते. खड्डा उघडा असतो त्या दोन-चार दिवसांत आरोग्य निरीक्षकाने एकदा येऊन तळ, झाकण आणि हवेचा पाइप पाहावा, एवढंच माझं म्हणणं आहे. यातही चिरीमिरी चालेल, असं मित्र म्हणतात. चालेलही. म्हणून भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाला उघड्या टाकीचा फोटो जोडायला लावा.

2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. तरी मे 2023 मध्ये आपल्याच मराठवाड्यात, परभणीच्या सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर दगावले. पाचही आपल्या समाजातले, पोटासाठी उतरलेले. टाकी उपसणाऱ्या गाडीचा पाइप आत जाईल एवढं झाकण बांधतानाच ठेवलं, तर खर्च किती येतो ते मिस्त्रीला विचारून बघा.