उशिरा आलेले नट

आर. के. नारायण यांच्या कथांवरच्या 'मालगुडी डेज' मालिकेत स्वामीचे वडील झाले ते गिरीश कर्नाड. जन्म माथेरानचा. ऑक्सफर्ड प्रकाशनातली बरी नोकरी त्यांनी तिशी उलटल्यावर सोडली.

दुसरा पेशा सोडून उशिरा नट झालेल्यांत आपल्याकडचं ठळक नाव अर्थात डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट', १९७२ मध्ये 'पिंजरा'.

टीव्ही मालिकांचं परीक्षण आधी दुसरं काम केलेल्या अशा नटांनी करावं, असं आम्हाला वाटतं. रोज एक भाग देण्याच्या घाईत मालिकेतला डॉक्टर नाडीही न पाहता चेहरा गंभीर करतो, वकील वाटेल तेव्हा कागद फडकावतो. ज्याने ती कामं पोटासाठी केली आहेत, त्याला हे चटकन खुपतं. शिवाय संवाद कधीकधी आयत्या वेळी हातात पडतात हेही त्याला ठाऊक असतं. त्यामुळे लेखकाचं पाप तो नटाच्या माथी मारत नाही. (नटाचंही असतं म्हणा कधीकधी!)

अडचण एकच. ज्या निर्मात्याच्या मालिकेवर आज लिहायचं, त्याच्याकडेच उद्या काम मागायचं असतं. तेव्हा परीक्षण लिहिणारा सध्या कोणत्या वाहिनीसाठी काम करतो, हे लेखाच्या माथ्यावरच छापायचं आम्ही ठरवलं आहे.