आधीं पाय, मग चाक

अलीकडे मुलामुलींच्या मनांत मोठेपणाची खूण म्हणून जी गोष्ट ठसली आहे, ती म्हणजे स्कूटर किंवा मोटार चालवितां येणें. दहावीचा निकाल लागतो न लागतो तोंच घरांत किल्लीची मागणी सुरू होते, आणि कित्येक पालक ती कौतुकानें पुरीही करतात. हें कौतुक अनाठायीं आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. वाहन चालविणें ही उत्तम विद्या आहे. म्हणूनच तिला वय, क्रम आणि पूर्वतयारी लागते. ही पूर्वतयारी गाडींत बसण्याच्या आधीं, गांवांतून पायीं हिंडतांना होते, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

गेल्या हिवाळ्यांत आम्हीं आमच्या भाचीसह अहिल्यानगरांत, म्हणजे २०२४ पूर्वींच्या अहमदनगरांत, एक दिवस मोठ्या आनंदांत घालविला. तिला अठरा वर्षें पूर्ण झालीं होतीं, शिकाऊ परवाना हातीं होता आणि दुपारीं चार वाजतां मोटारीचा पहिला पाठ ठरला होता. तोंपर्यंत बहुतेक पायींच फिरावयाचें, असा बेत होता. कापडबाजारांत हातगाड्या, गाठोडीं घेतलेल्या बायका, मध्येंच वळणाऱ्या रिक्षा आणि पाठीमागून हॉर्न वाजवीत येणाऱ्या मोटारसायकली यांतून वाट काढावी लागली. एका वृद्ध बाईंना रस्ता ओलांडून देण्यास आम्हांस चांगलीं पांच मिनिटें लागलीं. कोणीही वेग कमी करीना. पुढें भुईकोट किल्ल्याचा खंदक पाहिला व १९४२ पासून तेथें बंदिवासांत असलेल्या पंडित नेहरूंचें, आणि त्यांनीं १९४४ सालीं तेथेंच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथाचें स्मरण केलें. पिठलें-भाकरीचें जेवण करून रिक्षानें रणगाडा संग्रहालयास गेलों.

हें संग्रहालय १९९४ सालीं सुरू झालें. १९६५ च्या युद्धांत हस्तगत केलेला पॅटन, आपल्या देशांत बांधलेला विजयंता, असे अनेक रणगाडे तेथें मांडले आहेत. ते पाहून भाचीनें विचारलें, “मामा, हें एवढें धूड चालवायला किती दिवस शिकावं लागत असेल?” प्रश्न मार्मिक होता. याच शहरांत चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र आहे. सैन्य जवानास आधीं शिकवितें, मग पारखतें, आणि मगच रणगाडा त्याच्या हवालीं करतें. शत्रूवर चालून जाणाऱ्यास जो क्रम लागतो, तो शेजाऱ्यांच्या दारांवरून जाणाऱ्यास नको काय?

चार वाजतां मैदानावर पाठ सुरू झाला. शिकविणारे गृहस्थ वयस्क होते. गाडीवर लाल ‘एल’ अक्षराची पाटी होती आणि त्यांच्या पायांशींही वेगळा ब्रेक व क्लच होता. पहिला पाव तास त्यांनीं इंजिन सुरूच करूं दिलें नाहीं. गाडीभोंवतीं एक फेरी मारून चाकांमागें कोणी मूल नाहीं ना, हें पाहावयास लाविलें. मग आसन, आरसे व पट्टा. क्लच सोडतांना गाडीनें दोनदां आंचका खाल्ला व इंजिन बंद पडलें, तेव्हां भाची ओशाळली. ते म्हणाले, “ताई, गाडी पुढं न्यायला चार दिवसांत याल. आज थांबवायला शिका.” मग अर्धा तास तेंच चाललें: थोडें पुढें जावयाचें आणि चुन्याच्या रेघेवर थांबावयाचें. पाठ संपतांना फाटकाशीं एक सायकलवाला आडवा आला. भाचीचा हात हॉर्नकडे न जातां पाय ब्रेकवर गेला. सकाळच्या बाजारफेरीचें फळ आम्हांस तेथें दिसलें.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत सुमारें एकपंचमांश पायीं चालणारीं होतीं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ११ मीटर पुढें जाते; नुसती दचकून पापणी लवते न लवते तोंच कोणाच्या तरी आयुष्याचा निकाल लागतो. मे २०२४ मध्यें पुण्याच्या कल्याणीनगर भागांत एका मोटारीच्या धडकेनें दोन तरुण अभियंते प्राणांस मुकले. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असें पोलिसांचें म्हणणें आहे. त्या मुलास जामीन देतांना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, आणि लोकक्षोभानंतर तो आदेश बदलला. निबंध तपासण्यांत आमचें आयुष्य जात आहे. तरी असा निबंध कोणाही विद्यार्थ्यावर लिहिण्याची पाळी येऊं नये, असें आम्हांस वाटतें.

पालक म्हणतात, “शिकवणी दूर आहे, बस वेळेवर मिळत नाहीं, मग मुलानें जावें कसें?” ही अडचण खरी आहे, आणि ती आम्ही हंसण्यावारीं नेत नाहीं. परंतु सायकल आहे, एस. टी. चा सवलतीचा पास आहे, आणि शेजारच्या चार घरांनीं मिळून पाळीपाळीनें मुलांस पोंचविण्याची सोय करतां येते. कोणी म्हणतात, “आमच्या स्कूटरला गिअर नाहींत, म्हणून सोळाव्या वर्षीं चालते.” हा गैरसमज आहे. कायद्यानें सोळा वर्षांच्या मुलास परवान्यासह ५० सी. सी. पर्यंतचीच बिनगिअरची दुचाकी चालवितां येते. बाजारांतील पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर १०० सी. सी. हून मोठ्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाहीं.

तेव्हां पालकांस आमची विनंती आहे, कीं मुलांच्या हट्टापुढें न नमतां अठरावें वर्ष पुरें होऊं द्यावें. शिकाऊ परवाना व जाणता शिक्षक यांवांचून किल्ली देऊं नये. आणि तत्पूर्वीं एखादा सबंध दिवस मुलांसह आपल्या गांवच्या बाजारांतून पायीं फिरावें. विद्यार्थ्यांनीं तोंपर्यंत एवढेंच करावें: रस्ता ओलांडूं न शकणारें माणूस दिसलें, तर त्याचा हात धरावा. ही संवय ज्यास लागली, त्याच्या हातीं पुढें चाक देण्यास समाजानें भिण्याचें कारण नाहीं.