तरुण संशोधकाच्या शोधनिबंधाला पुरस्कार: कोणाला मिळतो, कशासाठी, आणि त्याने काय भागत नाही?

घरात ‘पेपर’ म्हटले की परीक्षा आठवते, नाहीतर सकाळचे वर्तमानपत्र. त्यामुळे पीएच.डी. करणाऱ्या मुलीने फोनवर “माझ्या पेपरला बक्षीस मिळाले” असे सांगितले, तर “किती मार्क पडले?” हा प्रश्न येणारच. येथे पेपर म्हणजे शोधनिबंध: आपण काय शोधले, कसे शोधले आणि ते खरे कशावरून, हे इतर तज्ज्ञांना तपासता येईल अशा रीतीने लिहिलेला लेख. शिष्यवृत्तीवर शिकून संशोधनापर्यंत पोहोचलेल्या अनेक मुलामुलींच्या घरी हा शब्द आता प्रथमच येत आहे. म्हणून प्रकाशशास्त्र, म्हणजे ऑप्टिक्स, या एका विषयाच्या उदाहरणाने तो समजून घेऊ.

हा विषय आपल्या किती जवळचा आहे?

भारतनेट प्रकल्पातून ग्रामपंचायतीपर्यंत येणारी इंटरनेटची तार ही काचेची असते आणि तिच्यातून प्रकाश धावतो. आधारसाठी डोळ्यांची प्रतिमा घेतली जाते तीही प्रकाशाच्या मदतीने. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवले जाणारे भिंग हेही याच शास्त्राचे काम. 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, तो 1928 साली त्या दिवशी जाहीर झालेल्या रामन परिणामामुळे. तो शोधही प्रकाशाचाच.

सरकारी पुरस्कारांत काय बदलले?

सप्टेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार’ जाहीर केले. त्यात विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर आणि विज्ञान टीम असे चार प्रकार आहेत. तरुणांसाठीचा पुरस्कार विज्ञान युवा. त्याची वयोमर्यादा 45 वर्षे आहे आणि एका वर्षी जास्तीत जास्त 25 जणांना तो देता येतो. त्यात सनद आणि पदक मिळते, रोख रक्कम नाही. आधीच्या भटनागर पुरस्कारात 5 लाख रुपये मिळत असत. नव्या पुरस्कारांचा पहिला समारंभ 22 ऑगस्ट 2024 रोजी राष्ट्रपती भवनात झाला. त्या वर्षीच्या एकूण 33 पुरस्कारांपैकी 18 विज्ञान युवाचे होते.

हे 25 पुरस्कार भौतिकशास्त्र, वैद्यक, शेती, अभियांत्रिकी अशा सर्व विषयांत मिळून आहेत. सत्ताविसाव्या वर्षी पहिला चांगला निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची पाळी येथे सहसा येत नाही, कारण तोपर्यंत त्याच्या नावावर पुरेसे काम जमलेले नसते.

ही पोकळी वैज्ञानिक संस्थांची ‘सर्वोत्तम शोधनिबंध’ पारितोषिके काही अंशी भरून काढतात. ‘ऑप्टिका’ ही प्रकाशशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था एमिल वुल्फ या शास्त्रज्ञाच्या नावाने विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा घेते. परिषदेत आपले काम मांडणाऱ्या विद्यार्थ्यांचे संशोधन, त्यातील नावीन्य आणि मांडणी तेथे पाहिली जाते. आयुष्यभराच्या कामाचा हिशेब न मागता एका कामाची पारख होते, हे अशा पारितोषिकाचे वैशिष्ट्य.

वेळेवर दखल का महत्त्वाची?

शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी 1956 साली, वयाच्या 22 व्या वर्षी, प्रकाशाच्या ध्रुवणावर एक निबंध प्रसिद्ध केला. ते तेव्हा बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत होते. ध्रुवण म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा. ती टप्प्याटप्प्याने बदलत पुन्हा मूळ जागी आणली, तरी लहर थोडी सरकलेली राहते, आणि किती सरकेल हे ती कोणत्या वाटेने गेली यावर ठरते, असे त्यांनी दाखवले. 1984 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी याच जातीची कल्पना व्यापक रूपात मांडली. त्यानंतर भारतीय शास्त्रज्ञांनी दोन्हींमधले नाते दाखवून दिले आणि जुन्या निबंधाचे मोल जगाला कळले. पंचरत्नम यांचे 1969 मध्येच, वयाच्या 35 व्या वर्षी निधन झाले होते.

एखाद्या पारितोषिकाने हे सगळे टळले असते असे म्हणता येणार नाही. पण तरुणाचे काम लवकर चार लोकांसमोर आले, तर ते वाचले जाते आणि पुढची जागा मिळवताना उपयोगी पडते.

पारितोषिकाने काय भागत नाही?

पारितोषिक एकदाच मिळते, खोलीभाडे दरमहा द्यावे लागते. 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप 31,000 वरून 37,000 रुपये आणि वरिष्ठ फेलोशिप 35,000 वरून 42,000 रुपये दरमहा झाली. घरभाडे भत्ता नियमानुसार वेगळा. ही वाढ मोलाची आहे, पण रक्कम महिनोन्‌महिने उशिरा आल्याच्या तक्रारी देशभरातून होत आल्या आहेत. घरी पैसे पाठवणाऱ्या संशोधकाला अशा वेळी प्रयोगशाळा सोडून नोकरी धरावी लागते. असा निबंध मग लिहिलाच जात नाही, त्याला पारितोषिक कोठून मिळणार? म्हणून फेलोशिप वेळेवर मिळणे हा तरुण संशोधकाचा पहिला सन्मान मानायला हवा.

वाचनाच्या बाबतीत एक सोय झाली आहे. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेमुळे 1 जानेवारी 2025 पासून केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांत सुमारे 13,000 नियतकालिके विद्यार्थ्यांना मोफत वाचता येतात. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात याची चौकशी करा.

अर्ज करण्यापूर्वी हे पाहा

- ‘तरुण संशोधक’ कोणाला म्हणायचे, हे प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. काही ठिकाणी वय पाहतात, तर काही ठिकाणी पदवीनंतरची वर्षे मोजतात. उशिरा शिक्षण सुरू केलेल्यांना दुसरी पद्धत सोयीची पडते.
- निबंधावर नावांचा क्रम काय असेल, हे मार्गदर्शकांशी आधीच बोलून घ्या. अनेक पारितोषिकांत पहिले नाव किंवा प्रत्यक्ष मांडणी करणारी व्यक्ती पाहिली जाते.
- परिषदेचे नोंदणी शुल्क असू शकते. पण “तुमची निवड झाली आहे, पुरस्कारासाठी पैसे भरा” असा मेल आला, तर पैसे भरू नका. आधी विभागप्रमुखांना दाखवा.
- फेलोशिप चालू असताना दुसरी फेलोशिप घेता येत नाही, अशी अट असते. पारितोषिकाची रक्कम स्वीकारण्यापूर्वी तुमचे मंजुरीपत्र वाचा आणि शंका असल्यास विद्यापीठाच्या फेलोशिप कक्षात लेखी विचारा.
- राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची नामांकने केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवरच स्वीकारली जातात. मध्यस्थाची गरज नाही.