हुकूम मोडणारा इमानी


३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनानिमित्त या अंकात आम्ही दिव्यांगांना साथ देणाऱ्या प्रशिक्षित श्वानांचा विषय घेतला आहे.

नागपुरातील सीताबर्डीचा व्हरायटी चौक डोळसांनाही जीव मुठीत धरून ओलांडावा लागतो. वाटाड्या कुत्र्याची खरी कसोटी अशाच जागी लागते. मालकाने ‘चल’ म्हटले तरी वाहन येत असेल, तर तो जागचा हलत नाही. हुकूम केव्हा मोडायचा, हेही त्याला शिकवलेले असते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. आज प्रशिक्षित श्वान कर्णबधिरांना दारावरची घंटा कळवतात, व्हीलचेअरवरील माणसाला खाली पडलेली किल्ली उचलून देतात.

मुंबईच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने श्वानांच्या मदतीने उपचार करण्याची पद्धत आपल्याकडे रुजवली. मात्र रोजच्या जगण्यात सोबत करणारे श्वान आपल्याकडे अजून दुर्मीळच आहेत. नागपुरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, ब्लाइंड रिलीफ असोसिएशनही आहे. या दोन्ही संस्थांनी एकत्र येऊन असे श्वान तयार करण्यास सुरुवात करावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रशिक्षणाचा खर्च, मोकाट कुत्र्यांचा उपद्रव, बस-दवाखान्यातील प्रवेश या अडचणींचा विचार पुढील पानांत आहे. एकट्याने घराबाहेर पडता येणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दिव्यांग वाचकांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी आपले अनुभव, गरजा आणि शंका आम्हाला जरूर कळवाव्यात.

— संपादक