गोळी चुकते ती कुणामुळे?

एचआयव्हीची बातमी आपल्याकडे आता दोनदाच छापून येते. एकदा 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आणि एकदा मिझोरमचा आकडा जाहीर होतो तेव्हा. 2021 च्या राष्ट्रीय अंदाजानुसार मिझोरममध्ये प्रौढांपैकी 2.70 टक्के लोक बाधित होते, नागालँडमध्ये 1.36, मणिपूरमध्ये 1.05; देशाची सरासरी 0.21. हे वाचून कल्याण-कर्जत मार्गावरचा वाचक पान उलटतो. दुखणं लांब ईशान्येला गेलं, आपण सुटलो! त्याच अंदाजात एकूण रुग्णसंख्येत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता, 3.94 लाखांचा, ही ओळ त्याच्या नजरेतून निसटते. टक्केवारी भीती कुठे वाटावी ते सांगते. गोळ्या किती लागतील ते संख्या सांगते.

आणि जिथे निसटत नाही तिथे उत्तर तयार असतं. विठ्ठलवाडी स्टेशनाच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प. दोन्हीकडे एकच निदान ऐकू येतं: बाहेरगावाहून कामाला आलेले लोक हा रोग आणतात, गोळ्या नीट घेत नाहीत, मग विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. चूक त्यांची, त्रास सगळ्यांना. हे मत केवळ नाक्यावरचं नाही. शिकलेली माणसंही ते जरा सभ्य भाषेत मांडतात.

या मतात तथ्याचा अंश आहे, तो आधी मान्य करू. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणाऱ्या कामगाराला संसर्गाचा धोका जास्त असतो, हे ट्रकचालकांपासून बांधकाम मजुरांपर्यंत दिसून आलं आहे. आणि गोळ्यांत खंड पडला की प्रतिकारक विषाणू तयार होतो, हेही खरं. नेव्हिरापिन आणि एफाविरेन्झ ही जुनी औषधं शरीरात फार काळ रेंगाळतात. उपचारातली तिन्ही औषधं एकाच दिवशी थांबवली तरी बाकीची दोन लवकर उतरतात आणि या दोघांपैकी जे असेल ते एकटं मागे उरतं. एकट्या औषधासमोर विषाणूला एकच बदल पुरतो. के-103-एन नावाचा तो बदल झाला की त्या रुग्णाच्या बाबतीत ही दोन्ही औषधं निकामी.

पण खंड पडला कुणामुळे? या प्रश्नावर ते मत उघडं पडतं.

सरकारी प्रसूतिगृहात आलेल्या बाधित बाईचं उदाहरण घ्या. 2000 नंतरच्या दशकात बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून आपल्या कार्यक्रमात आईला कळा सुरू झाल्यावर नेव्हिरापिनची एकच गोळी आणि बाळाला एक मात्रा दिली जाई. त्याने असंख्य बाळं वाचली, यात वाद नाही. पण त्या एका गोळीनंतर अनेक आयांच्या शरीरात नेव्हिरापिनला न जुमानणारा विषाणू उरतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं होतं. 2014 पासून आपल्याकडे गरोदर बाईला पूर्ण तीन औषधांचा उपचार मिळू लागला. मधल्या वर्षांत त्या बाईने काय चुकवलं? काहीच नाही. सांगितली ती गोळी, सांगितली त्या वेळी घेतली. तिचा प्रतिकारक विषाणू ही आज्ञाधारकपणाची कमाई आहे.

त्याहून जुनी गोष्ट मुंबईची. मोफत उपचार सुरू झाला 1 एप्रिल 2004 रोजी, देशातल्या आठ केंद्रांवर. त्यात मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्याआधी औषधं मिळत ती दुकानात. 2001 मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च एका सेवाभावी संस्थेसाठी 350 डॉलरवर आणला, त्याचं जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण गिरणी सुटलेल्या किंवा रोजंदारीवरच्या घराला तीही रक्कम कुठली झेपायला? कुणी दोनच औषधं घेतली, कुणी चार महिने घेतली आणि दागिने संपल्यावर थांबवली. अर्धवट उपचार लिहून देणारे डॉक्टरही होतेच. पहिल्या फळीची औषधं निकामी झालेल्यांसाठी सरकारी दुसरी फळी यायला 2008 उजाडावं लागलं, तीही सुरुवातीला जे. जे. आणि चेन्नईजवळचं तांबरम अशा दोनच ठिकाणी. मुंबईच्या पट्ट्यात या विषाणूला शिकवायला गरिबी आणि बाजार हे दोन मास्तर होते. त्याचं खापर बिहारच्या किंवा जालन्याच्या मजुरावर फोडायचं?

अगदी अलीकडचं बघायचं तर 2022. जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यालयासमोर बाधित लोकांनीच महिनाभराहून अधिक काळ धरणं धरलं, कारण औषधांचा तुटवडा होता. निष्काळजी म्हणतात ती माणसं ही! गोळ्या द्या म्हणून उन्हापावसात बसलेली.

आता ‘बाहेरच्यांचा’ मुद्दा. ज्या शहराची वस्तीच फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणलेल्या निर्वासितांनी वसवली, ज्याला उल्हासनगर हे नाव 1949 मध्ये मिळालं, त्या शहरात बाहेरचा कोण हे ठरवायला बसणं हा विनोदच आहे. पण तो बाजूला ठेवू. विषाणूशास्त्रही या मताला साथ देत नाही. भारतात एचआयव्ही-1 चा ‘सी’ हा उपप्रकार बहुतांश सगळीकडे आहे, गावात तोच, शहरात तोच. बिहारचा वेगळा आणि बदलापूरचा वेगळा असा काही मामला नाही. प्रादेशिक वैशिष्ट्य शोधायचंच असेल तर ते आपल्या दाराशी आहे. पश्चिम आफ्रिकेत आढळणारा एचआयव्ही-2 हा दुसरा विषाणू 1991 च्या सुमारास मुंबईत नोंदवला गेला. नेव्हिरापिन, एफाविरेन्झ ही औषधं त्याच्यावर मुळातच चालत नाहीत. एकही डोस न चुकवता एचआयव्ही-2 चा रुग्ण त्या गोळ्यांवर खंगत जाईल, जर निदानाच्या वेळी दोन विषाणूंतला फरक कुणी पाहिला नाही तर. इथे स्थानिक ज्ञान खरोखर कामाचं आहे. ‘कुठून आलास’ हा प्रश्न मात्र नाही.

मग नकाशावर एवढा विश्वास का? कारण रंगवलेला जिल्हा खरा वाटतो. 2007 मध्ये देशाचा अंदाज सुमारे 52 लाखांवरून 25 लाखांच्या घरात उतरला. मधल्या काळात निम्मे रुग्ण बरे झाले नव्हते. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी रक्त तपासलं गेलं आणि मोजण्याची पद्धत सुधारली. आपल्या ठाणे जिल्ह्यातून 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाला, म्हणजे त्याआधीचा आणि नंतरचा ‘ठाणे’ या दोन वेगळ्या भूमी आहेत. त्यात विठ्ठलवाडीचा माणूस ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून उल्हासनगर सोडून मुंबईतल्या केंद्रावर नाव घालतो. शेजारीण त्याच रांगेत दिसली तर? त्याची नोंद मुंबईत, दुखणं इथे, आणि खाडा गिरणीत किंवा जीन्सच्या कारखान्यात. पीसवर काम करणाऱ्याचा एक दिवस म्हणजे त्या दिवसाची सगळी मजुरी. आजार लपवण्यासाठी तो लांबचं केंद्र निवडतो आणि त्या लांबीनेच त्याचे डोस चुकतात. ही लाज त्याने एकट्याने निर्माण केलेली नाही.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा ही लांबी एकदम उघडी पडली. नॅकोने तेव्हा जवळच्या केंद्रावरून आणि एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायची मुभा दिली, हे श्रेय द्यायला हवं. पण मग प्रश्न उरतोच: जे टाळेबंदीत जमलं ते इतर वेळी हक्काचं का नसावं?

एक आशावादी पक्ष शेवटी पुढे येतो. म्हणतो, आता डोलुटेग्राविर आलं आहे, 2020 पासून कार्यक्रमात टेनोफोविर आणि लामिव्ह्युडिनसोबत एकाच गोळीत मिळतं, त्याला सहजासहजी प्रतिकार होत नाही. जुन्या कथा कशाला उगाळता? औषध उत्तम आहे, खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालात काही देशांच्या निरीक्षणांत डोलुटेग्राविरला प्रतिकार 3.9 ते 8.6 टक्के आढळला, आणि आधीच्या उपचारानंतर रक्तात विषाणू जास्त असतानाच या गोळीवर आणलेल्यांत 19.6 टक्क्यांपर्यंत. म्हणजे दुसऱ्या फळीच्या काठावर उभ्या असलेल्या जुन्या रुग्णाला न तपासता नव्या गोळीवर ढकलणं हेच धोक्याचं. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात 2004 च्या आधीपासून तुटकतुटक औषधं घेतलेली माणसं आजही आहेत.

म्हणून माझी बाजू अशी. प्रतिकारकता ही मुख्यतः सेवेतल्या खंडाची खूण आहे, ती तशीच शोधावी. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, एक हजाराच्या वर गेलेल्यांचा आकडा केंद्रानुसार आणि राहत्या तालुक्यानुसार वेगळा काढावा, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मुंबईच्या पोटात हरवणार नाहीत. स्थिर रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या कोणत्याही केंद्रावर, रविवारी आणि संध्याकाळीही मिळाव्यात. एमआयडीसीतली पाळी दुपारी सुटते तेव्हा खिडकी बंद झालेली असते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची गुप्तता आणि नोकरी यांना संरक्षण दिलं आहे, तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, पण औषधं देण्याची सरकारची जबाबदारी ‘शक्य तेवढी’ अशी बांधून ठेवली. तुटवड्याच्या काळात ही पळवाट किती रुंद असते ते दिल्लीत दिसलं.

प्रतिकारकतेची चाचणी महाग आहे, सगळ्यांची कशी करणार, हा आक्षेप येईल. सगळ्यांची मागितलेलीच नाही. डोलुटेग्राविर असूनही समुपदेशनानंतर ज्यांचा व्हायरल लोड पुन्हा हजारांवर आला त्यांची करा. ती संख्या लहान आहे. आणि तो अहवाल येईपर्यंत त्या माणसाला ‘गोळ्या नीट घेत नाहीस’ असं म्हणू नका. कदाचित तो घेत असेल.