चिमणीचा वाटा

गच्चीवर पक्ष्यांना दाणा टाकण्याचा आमच्या घरचा नेम आईचा. सूर्योदयानंतर, सामायिक आटोपले की ती वाटीभर ज्वारी घेऊन वर जात असे. तिचे गुडघे जिने चढू देईनात तेव्हा हे काम माझ्याकडे आले, आणि निवृत्त माणसाच्या उत्साहाने मी वाटीचा अर्धा किलो व अर्ध्याचा किलो केला. पुण्यकर्मात हात आखडता का घ्यावा, असा साधा हिशेब होता.

वर्षभरात गच्चीवर चाळीसएक कबुतरे येऊ लागली. पहिल्या वर्षी दहा-बारा चिमण्या येत. त्या आता विजेच्या तारेवर बसून खालची झुंबड पाहत आणि काही वेळाने उडून जात. कधी एखादी धीट चिमणी कठड्यावर उतरे, तर एका पंखाच्या फटकाऱ्यात परत तारेवर. दाणे संपल्यावर फरशीवर केवळ विष्ठा आणि पिसे उरत.

कबुतराचे वजन साधारण ३०० ग्रॅम असते आणि ते दिवसाला तीसेक ग्रॅम धान्य खाते. चिमणीचे सगळे वजनच तेवढे! चाळीस कबुतरांना दिवसाला एक किलो दोनशे ग्रॅम लागणार. म्हणजे आमचा किलो मुळातच अपुरा होता. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कबुतर आपल्या पिलांना गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा पदार्थ भरवते. त्यामुळे दाणा मिळाला की त्याचा संसार बाराही महिने चालतो. चिमणीची पिले मात्र पहिले काही दिवस अळ्या व किड्यांवर वाढतात. म्हणजे नुसत्या ज्वारीने कबुतरांचा वंश वाढतो, चिमणीचा नाही.

मी काठी घेऊन कबुतरे हाकलू लागलो. तिसऱ्याच दिवशी आईने खालून विचारले, “वर काय आपटतोस रे?” कारण ऐकल्यावर ती म्हणाली, “ताटावरून उठवतोस? अन्नपाननिरोध म्हणजे काय, ते तुला मी सांगू?” अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लहानपणी तिनेच आम्हांला पाठ करविले होते. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, जास्त ओझे लादणे आणि अन्नपाणी अडवणे. शिवाय दुसऱ्याच्या लाभात व भोगात विघ्न आणले तर अंतराय कर्माचा बंध, हेही तिने ऐकवले. मी म्हणालो, “आई, चिमण्यांचा अंतराय मग कोणाच्या खात्यावर? दाणा मीच टाकला, तो असा टाकला की त्यांना मिळूच नये.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हाकलू नकोस. त्यांचे वेगळे ठेव.”

बँकेत ज्या तत्त्वावर आयुष्य गेले ते आईने एका वाक्यात सांगितले. कर्जवाटप मोकळे सोडले तर भक्कम तारण असणारेच सारी रक्कम उचलून नेतात. म्हणून एकूण कर्जापैकी ४० टक्के अग्रक्रम क्षेत्रासाठी आणि त्यातही दुर्बल घटकांचा हिस्सा वेगळा ठरवलेला असतो. मोठ्या खातेदाराला कोणी बँकेतून हाकलत नाही.

वेगळे ठेवण्याची युक्ती आमच्या भागात जुनीच आहे. गोंडपिपरी हा धानाचा मुलूख. कापणीनंतर धानाच्या लोंब्यांची जुडी बांधून ओसरीच्या वाशाला टांगलेली अनेकांनी पाहिली असेल. मी ती शोभेची समजत होतो. चिमणी व मुनिया लोंबीला पायांनी धरून झोके घेत दाणे टिपतात; जड कबुतराला तेथे पाय रोवता येत नाही. खाली सांडलेले दाणे कबुतरे वेचतात. त्याला आमचे थोरले बंधू ‘आडत’ म्हणतात. वानरांनी आमच्या दोन जुड्या उपटून नेल्या, म्हणून आता त्या छपराखाली आत टांगतो.

लोंब्या संपल्यावरच्या दिवसांसाठी वेल्डिंगवाल्याकडून दीड इंची जाळीचा चौकोनी पिंजरा करून घेतला. आतील ताटली चहूबाजूंनी वीतभर आत ठेवली, नाहीतर कबुतर बाहेरून मान घालते. तारांची टोके कानशीने घासून घेतली. ताटलीत बाजरी, राळा आणि तांदळाची कणी असते. आईला पिंजरा हा शब्दच रुचेना. चिमण्या मनाला येईल तेव्हा आत-बाहेर करतात हे दाखवल्यावर तिने संमती दिली. कबुतरांचा दाणा मात्र एकदम तोडला नाही. आपणच लावलेली सवय. ती तीन महिन्यांत किलोवरून दोन मुठींवर आणली.

आपल्या दुकानदार वाचकांना एक स्पष्ट सांगायचे आहे. गोदामाची झाडण पक्ष्यांना घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्या धान्यात किडीसाठी ठेवलेल्या गोळ्यांची पूड मिसळलेली असू शकते. बुरशी लागलेल्या दाण्याचेही तेच. जे आपल्या ताटात येणार नाही ते दान म्हणून देऊ नये. पाणी रोज गाळून, भांडे घासून ठेवावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा दाण्यापेक्षा पाण्यालाच अधिक गिऱ्हाईक असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला तेव्हा आपल्यापैकी अनेकांची मने दुखावली. माझेही दुखावले. विष्ठेच्या धुळीने होणारे फुप्फुसांचे विकार, उच्च न्यायालयाचा आदेश, धर्मभावना, सर्व बाजू मांडल्या गेल्या. चिमणीचा उल्लेख मला कोठे आढळला नाही. २०२० च्या देशव्यापी पक्षी-अहवालात चिमणी एकंदरीने स्थिर, पण मोठ्या शहरांत घटत असल्याची नोंद आहे. दादरला ते जमेल की नाही कोण जाणे, पण गोंडपिपरीत अजून करता येण्यासारखे आहे.

शिंपी पक्षी आणि शिंजीर यांना तर दाण्याचा उपयोगच नाही. एकाला किडे हवेत, दुसऱ्याला फुलांतील मध. त्यांच्यासाठी परसात जास्वंद लावली आणि फवारणी बंद केली. पानांवर छिद्रे दिसू लागली, त्यावरून सौभाग्यवतींची तक्रार अद्याप चालू आहे.

गेल्या आठवड्यात पिंजऱ्यापाशी नऊ चिमण्या मोजल्या. कबुतरे चौदा-पंधरा येतात. आई खाटेवरून रोज दोन्ही आकडे विचारते, आणि कबुतरांचा आकडा कमी निघाला तर ती कोठे गेली असतील, हेही विचारते.