रात्रीचा हक्क आणि प्रवेशशुल्क

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे महापे रात्री झोपत नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि मिलेनियम बिझनेस पार्कमधील संगणक-कचेऱ्या यांतून रात्रपाळ्या चालतात. या श्रमिकांत समलिंगी स्त्री-पुरुष व तृतीयपंथीही आहेत. त्यांच्या श्रमाला रात्र खुली आहे; त्यांच्या विरंगुळ्याला आणि सहवासाला ती खुली आहे काय, हा प्रश्न जितका नीतीचा तितकाच अर्थकारणाचाही आहे.

मुंबईचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९९० च्या दशकात कुलाब्याच्या ‘व्हूडू’ पबमधील शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची मानली जाई. पुढे तो पब बंद पडला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले, आणि कालपर्यंत नाक मुरडणाऱ्या बाजारपेठेला या समाजात ग्राहक दिसू लागला. पंचतारांकित हॉटेलांतील क्लबांनी त्यांच्यासाठी दारे उघडली. हे स्वागतार्हच आहे. परंतु न्यायालयाने दिलेल्या स्वातंत्र्याला तेथे प्रवेशशुल्क पडते. शिवाय बाजाराने दिलेले बाजार काढूनही घेतो. २००६ ते २०१७ या काळात लंडनमधील अशी निम्म्याहून अधिक ठिकाणे बंद झाली. चढती भाडी आणि पुनर्विकास ही त्यामागील प्रमुख कारणांपैकी होती.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धनिकाला स्वतःचे घर आणि बंद करता येणारे दार असते. चौघांत एक खोली वाटून घेणाऱ्या कामगाराला रस्ता, बाग आणि स्थानक एवढेच उरते. तेथे महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील असभ्य वर्तनाचे ११० वे कलम अद्याप उभे आहे, आणि त्याचा धाक दाखवून पैसे उकळल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. हे पाश्चात्त्य खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी १९३४ साल आठवावे. ‘समाजस्वास्थ्य’मधील लैंगिक प्रश्नोत्तरांवरून र. धों. कर्वे यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

मग करावे काय? दारूविक्रीची ठिकाणे वगळता दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास चालविण्याची मुभा राज्याच्या २०१७ च्या कायद्याने दिली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा स्पष्ट केली. औद्योगिक विकास महामंडळ व नवी मुंबई महानगरपालिका यांनी सार्वजनिक जमिनीवर माफक भाड्याची रात्रखानावळ, वाचनालय व छोटे सभागृह उभारावे. उजेड, सर्वांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहे आणि लोकल थांबल्यानंतरच्या बसफेऱ्या द्याव्यात. व्यवस्थापनात या नागरिकांचे प्रतिनिधी असावेत. पोलिसांना लेखी सूचना जाव्यात. ही जागा केवळ त्यांच्यासाठी कुंपण घालून नको. रात्रपाळीच्या सर्व कामगारांसोबत त्यांनाही मान वर करून बसता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी कामगार चळवळीने एकेकाळी प्राण पणाला लावून केली. त्या शेवटच्या आठ तासांतून कोणाला वगळण्याचा अधिकार चळवळीने स्वतःकडे घेतलेला नाही. महापे परिसरातील कार्यकर्त्यांनी कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात हे कलम घालावे आणि त्यासाठी महापालिकेचे दार ठोठवावे.